मंजुळाबाईंच्या हातचं भरीत

"हे नव्हे," मेघा म्हणाली आणि तिने पत्रावळ खाली ठेवली.

भरीत विकणारी बाई चिडली. "का वं, काय वाईट शे?"

"वाईट नाही, अक्का. छान आहे. पण मी शोधतेय ते हे नव्हे."

पाचोऱ्याच्या बाजारात हिरव्या, लांब वांग्यांचे ढीग लागले होते. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती आणि धूर डोळ्यांत जात होता. मेघा पुढच्या चुलीकडे वळली.

गेले काही आठवडे ती अशीच फिरत होती. मिळेल त्या एसटीने, नाहीतर काळीपिवळीने. जिथे बाजार, तिथे ती. कळण्याची भाकरी आणि भरीत मागायची, दोन घास खायची आणि उठायची. नगरदेवळ्याला एकाने विचारलंच, "ताई, चॅनल कोणतं तुमचं?" ती नुसती हसली.

दुपारी ललितचा, तिच्या नवऱ्याचा फोन आला.

"जेवलीस का?" त्याने आधी तेच विचारलं. मग आवाज खाली गेला. "आई सापडली?"

"अजून नाही."

"मला घास उतरत नाही गं. आईच्या हातचं ते आईच्या हातचं."

"माहीत आहे."

"घेऊनच ये तिला."

पावसाळ्याच्या तोंडावर मंजुळाबाई जळगावच्या घरातून कुणालाही न सांगता निघून गेल्या होत्या. ललितने नातेवाईक धुंडाळले, दवाखाने पालथे घातले. शेजाऱ्यांसमोर तो ढसाढसा रडला. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं गल्ली म्हणाली. दिवाळीनंतर ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं, तुमच्या आई कुठल्याशा बाजारात भरीत विकताना दिसल्या. ललितला सुटी मिळेना.

"मी जाते," मेघा म्हणाली होती. "सापडल्याशिवाय परत येत नाही."

पारोळ्याला एका कांदेवाल्याने आशा दाखवली. "व्हती एक म्हातारी. आते आठे बसत नही."

"कुठे गेली?"

"धुय्याकडे गयी म्हनतस."

मेघा धुळ्याकडे निघाली. टाचांना भेगा पडल्या होत्या, अंगात कणकण होती. एका गावात बाजार उठून गेल्यावर पोचली, दुसऱ्यात भरिताची चूलच नव्हती. ती थांबली नाही.

सोनगीरच्या बाजारात, ताडपत्रीच्या आडोशाला, सुनंदाबाई नावाची एक बाई भरीत विकत होती. मेघाने पहिला घास घेतला आणि तिचा हात थबकला. मिरच्या वांग्यांबरोबरच जाळात भाजलेल्या, शेंगदाणे तळून आख्खेच टाकलेले, वरून कांद्याची पात. हा हात तिला ओळखू आला.

"हे तुम्ही नाही केलं," ती म्हणाली.

सुनंदाबाई सावध झाली. "मीच करं. दुसरं कोन करी?"

"मंजुळाबाई कुठे आहेत?"

"आठे कोनी मंजुळाबाई नही. खावानं व्हयी तर खा, नहीतर ऊठ."

"उठणार नाही," मेघा म्हणाली आणि तिथेच मांडी घालून बसली.

गिऱ्हाइकं आली, गेली. एकाने पत्रावळीत चिकटलेलं भरीत बोटाने पुसून खाल्लं. "आजी, झकास!" असं तो ताडपत्रीकडे बघून ओरडला. सुनंदाबाईने कपाळावर हात मारला.

ताडपत्री बाजूला झाली. मंजुळाबाई बाहेर आल्या. अंगाने भरल्या होत्या. हातात वांगी ठेचायची बडगी होती.

"ललितनी धाडं का तुले?"

"हो."

"कसा शे?"

"बरा आहे. तुमची आठवण काढतो."

मंजुळाबाईंनी बडगी घट्ट धरली. "मी येवाव नही. त्याले जाई सांग. पाय धरशी तरी येवाव नही."

"मी रिकाम्या हाताने परत जाणार नाही, आई."

"मंग बस तठेच."

मेघाचा फोन वाजला. ललित. मंजुळाबाई ताडपत्रीकडे मागे सरकल्या. सुनंदाबाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

मेघाने फोन कानाला लावला. "नाही," ती शांतपणे म्हणाली. "सोनगीरला पण नाहीत. पुढे बघते." आणि तिने फोन बंद केला.

जाळात एक वांगं फुटलं.

"खोटं का बोलनी?" मंजुळाबाईंनी विचारलं.

मेघा उठून चुलीपाशी आली आणि तिने जळकं वांगं चिमट्याने बाहेर ओढलं.

"तुम्ही गेल्यापासून तो भरलं ताट माझ्या अंगावर फेकतो, आई. मला ठेवून घ्या."