भिंगरीची नोंद

"बाहेरून कुणीतरी आत येतंय," प्रतीक्षा म्हणाली.

बसवेशनं दाराकडं पाहिलं.

"दारातून नाही हो. सर्व्हरमधून."

शेळीपालक संघाच्या कळंबच्या कचेरीत बसवेश एकटाच कारकून. तालुक्यातल्या शेळ्यांच्या नोंदी तोच टाइप करायचा. कुणी शेळीच्या कानावरचे ठिपके सांगे, कुणी तिच्या आजीपासून सुरुवात करी, कुणाला तिच्या स्वभावावरच बोलायचं असे. एकीची माहिती दुसरीच्या रकान्यात बसायची नाही. म्हणून प्रत्येक शेळीची हकीकत वेगळ्या कागदासारखी जपणारा डेटाबेस प्रेमनं निवडला होता. प्रेम म्हणजे प्रतीक्षाचा धाकटा भाऊ.

काही वर्षांपूर्वी त्यानं लिनक्सवर तो बसवला, चालू केला आणि पासवर्ड ठेवायचं काम उद्यावर ढकललं. तो उद्या काही उजाडला नाही. एका सकाळी सगळ्या नोंदी गायब आणि त्यांच्या जागी खंडणी मागणारी इंग्रजी चिठ्ठी. प्रेमजवळ प्रत होती, दुपारपर्यंत त्यानं सगळं परत आणलंही. पण तोवर अध्यक्ष हिंमतरावांनी धाराशिवला संगणकाचंच काम करणाऱ्या प्रतीक्षाला बोलावून घेतलं होतं. तिच्याच शब्दावर पोराला काम मिळालं होतं ना!

"ताई, एवढं कुलूप लावू दे," प्रेम म्हणाला होता.

"हात लावू नकोस! नाक कापलंस माझं. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

भर कचेरीत बोलली ती. प्रेम उठला आणि गेला. गावातूनही गेला, नंबरही बदलला. प्रतीक्षाचा राग आठवडाभरात विरला. उरलं ते तिचं बोलणं. भाकरी थापताना, एसटीत बसल्यावर, कुठंही ते तिच्याच कानात वाजायचं. कुठूनतरी त्याचा पत्ता लागावा, एकदा त्याची माफी मागता यावी, एवढंच तिला हवं होतं. आईपुढं जायची छाती होत नव्हती, म्हणून ती सणावारालाही गावाकडं फिरकली नव्हती. आई फोनवर बोलायची नाही. कान गेले होते तिचे. आज हिंमतरावांनी सर्व्हर तपासून द्यायची गळ घातली, म्हणून प्रतीक्षा निदान कळंबपर्यंत तरी आली होती.

"इतकी वर्षं हे उघडंच होतं?" तिनं विचारलं.

"व्हय. मधी दोनदा सगळं पुसलं बी गेलं. पर सकाळी बघतो तर जागच्या जागी."

"आपोआप?"

"देवाची कृपा, दुसरं काय!"

तिला हसू आलं. बाहेरून येणारा इंटरनेटचा पत्ता एकच होता, हैदराबादकडचा. तो बाकी कशालाही हात लावत नव्हता. एकच नोंद उघडायचा, वाचायचा, कधी दोन ओळी लिहायचा आणि जायचा. तिनं ती नोंद उघडली.

भिंगरी. काळी, कानावर पांढरे ठिपके. मालकीण: सिताबाई.

प्रतीक्षानं नाव पुन्हा वाचलं. आईची शेळी. प्रेमनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली.

"आजी दर बाजाराला येत्यात," बसवेश म्हणाला. "भिंगरीची हकीकत सांगत्यात, म्या टाइप करतो. मागचं वाचून दाखवाय लावत्यात. लई वरडावं लागतं."

तिनं शेवटची नोंद वाचली. 'डावा गुडघा धरलाय. खाणं कमी. सांजच्याला फाटकाशी उभी राहून वाटंकडं बघती. तिच्या पोटची थोरली पाट लांब चरती, गोठ्याकडं फिरकत न्हाय.'

त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'गुडघ्याला एरंडाचा पाला बांधावा. उपाशी ठेवू नये. थोरल्या पाटीला बोल लावू नये. तिच्यावर राग नाही.'

"हे कुणी लिहिलं?"

"जनावरांचे डॉक्टर असतील. अधनंमधनं लिवत्यात. आजीला वाचून दाखवतो, खूश व्हत्यात."

"डॉक्टर शेळीवर रुसतात होय?"

तिला खात्री पटली. कुणीतरी रिकामटेकडा म्हातारीच्या शेळीची थट्टा करतोय, नाहीतर कुणा दलालाचा तिच्यावर डोळा आहे. आईसाठी आपण काहीच केलं नाही, निदान शेळी तरी राखू, असं तिच्या मनात आलं. तिनं बाहेरून आलेल्या ओळी एकेक करून पुसल्या.

मग ती कामाला लागली. डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली. तो फक्त त्याच यंत्राचं ऐकेल असं केलं. स्वतःला एक खातं, बसवेशला नोंदीपुरतं दुसरं, दोन्हींना लांबलचक पासवर्ड. शेवटी फायरवॉलमधून बाहेरची वाट बंद केली. प्रेमला लावू न दिलेलं कुलूप ती स्वतः लावत होती. डोळे भरून आले, तशी ती बसवेशकडं पाठ करून बसली.

थोड्या वेळानं त्या पत्त्यावरून कुणीतरी यायचा प्रयत्न केला. नकार. पुन्हा प्रयत्न, पुन्हा नकार. मग सगळं शांत झालं.

"दमला वाटतं गडी," बसवेश म्हणाला.

काम नीट झालं तसा तिला धीर आला. तिनं बसवेशला गाडीवरून गावापर्यंत सोडायला सांगितलं.

आई फाटकाशीच उभी होती. काही विचारलं नाही, बोल लावला नाही. लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि लंगडत आत वळली. ओसरीत बसल्यावर प्रतीक्षा तिच्या कानाशी वाकून ओरडली, "आई, तुझ्या भिंगरीच्या नोंदीत कुणीतरी परका यायचा. आज त्याला कायमचा बाहेर काढला!"

आईनं वळून तिच्याकडं पाहिलं.

"आन् त्यानं लिवल्यालं?"

"पुसून टाकलं सगळं. आता कुणाची टाप नाही आत यायची."

लुगडं सारखं करून आईनं डाव्या गुडघ्यावरचा एरंडाचा पाला घट्ट बांधला. प्रतीक्षानं गोठ्याकडं पाहिलं. तिथं सरपण रचलेलं होतं.

"भिंगरी कुठाय गं?"

"भिंगरी व्हय?" आई म्हणाली. "प्रेम गेला त्याच उन्हाळ्यात मेली की ती."