भोपू

लाइट गेली आणि चोवीसच्या चोवीस माग एकदम बंद पडले. कारखान्यात अशी शांतता झाली की लोकांना आपापलं बोलणं ओरडल्यासारखं वाटू लागलं. खरं तर ते ओरडतच होते. मागावर जन्म काढलेल्या माणसांना हळू बोलता येतच नाही.

तिसऱ्या रांगेतल्या विणकराने खिशातून चिठ्ठी काढली. शाळेतून आलेली. सकाळपासून ती त्याच्या खिशात जळत होती. मुलगी वर्गात लक्ष देत नाही, विचारलं तर उत्तर देत नाही, बाईंकडे पाठ फिरवून बसते, असंच चाललं तर एक वर्ग खाली बसवू. खाली बाईंची सही, लाल शाईत.

मुलगी तिकडे कोपऱ्यात, टोपलीपाशी पाठमोरी बसून सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या निवडत होती. नऊ वर्षांची. शाळा सुटली की रोज इथेच यायची. आई कांड्या भरायच्या मशीनवर, बाप मागावर, मग जाणार कुठे? बोलायची एवढ्या मोठ्याने की सगळ्यांनी तिचं नावच भोपू ठेवलं होतं. हुशारही होती. मागाच्या आवाजात बाया-माणसं ओठांवरून आणि हातांच्या खुणांनी बोलतात, ते कसब तिने चार महिन्यांत असं उचललं की भलेभले थक्क झाले.

"ए भोपू!" बापाने हाक मारली. "इकडे ये."

ती हलली नाही.

"भोपू! तुला सांगतोय!"

शेजारचा विणकर फिदीफिदी हसला. "गड्या, पोरगी भीक घालत नाही तुला."

झालं. बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माज आलाय कार्टीला! बाईंना उत्तर नाही, बापाला उत्तर नाही. थांब, बघतोच आज." चिठ्ठी मुठीत चुरगाळत तो तरातरा निघाला. तिच्या मागे पोचला आणि त्याने हात उगारला.

खण्णकन आवाज झाला.

म्हाताऱ्या मिस्त्रीने हातातला भला मोठा पाना जमिनीवरच्या पत्र्यावर टाकला होता, मुलीपासून दोन हातांवर. सगळा कारखाना दचकला. कुणीतरी मिस्त्रीच्या आईचा उद्धार केला. बापाचा हात वरच्या वर राहिला.

मुलगी कांड्या निवडत होती. एक या टोपलीत, एक त्या टोपलीत.

"मला बहिरं व्हायला तीस वर्षं लागली," मिस्त्री म्हणाला. "ही नऊ वर्षांची आहे."

"काहीतरीच काय!" बाप म्हणाला. "घरी चांगली बोलते की सगळ्यांशी."

"तोंडाकडे बघून बोलते." हे आईने म्हटलं. ती मशीन सोडून केव्हा आली ते कुणाला कळलं नव्हतं. "दिवा घालवला की एका शब्दाला उत्तर देत नाही. मला वाटायचं, झोपली."

ती नवऱ्याकडे वळली.

"परीक्षेच्या आधी तिचा कान ठणकत होता. ताप होता. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तुम्ही म्हणालात, तेल घाल. मग कान फुटला. उशीला रोज पिवळा डाग. मी परत म्हटलं. तुम्ही म्हणालात, लहानपणी सगळ्यांचेच कान वाहतात, मोठी झाली की थांबेल. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ताट ढकलून उठलात."

"अगं, पण मला काय माहीत..."

"माहीत नव्हतं म्हणूनच डॉक्टर असतो ना?" तिचा आवाज चिरकला. "आणि मीही शहाणी! तीनदा सांगून गप्प बसले. माझ्या पायात कुणी बेड्या घातल्या होत्या का? आधी मलाच दोन ठेवून द्यायला हव्यात."

बापाचा हात अजून अर्धवट वर होता. तिचं लक्ष त्या हाताकडे गेलं.

"मारा ना. थांबलात का? पण समोर येऊन मारा. मागून मारलंत तर तिला कळायचंसुद्धा नाही कशाबद्दल ते."

तिने मुलीच्या खांद्याला हात लावला. मुलगी वळली. सगळा कारखाना आपल्याकडेच बघतोय हे पाहून ती गोंधळली.

"काय झालं?" तिने विचारलं. त्या शांततेत तिचा आवाज छताच्या पत्र्यापर्यंत घुमला. एरवी या आवाजाला सगळे हसायचे.

आईने कमरेचं फडकं सोडून मशीनवर टाकलं आणि मुलीचा हात धरला.

"अहो बाई, कामाची पाळी अजून अर्धी उरलीय," मुकादम म्हणाला. "आणि दवाखाना तर चारला उघडतो."

"पायरीवर बसेन," ती म्हणाली. मुकादम बाजूला झाला.

दोघी दाराकडे निघाल्या. बाप चुरगाळलेली चिठ्ठी उलगडत उभा राहिला, जणू तीत आता काही वेगळं लिहिलेलं सापडणार होतं. मग त्याने ती फेकून दिली.

"थांबा!" तो ओरडला. "मीपण येतो!"

लाइट अजून आली नव्हती. हाक पार रस्त्यापर्यंत गेली. बाहेर हातगाडीवाल्यानेसुद्धा मान वर करून पाहिलं.

मुलगी वळली नाही. तिची आईही वळली नाही, आणि आईचे कान तर शाबूत होते.