समोरची रांग
धालो नाचाच्या गाण्यांना बायकांच्या समोरासमोर दोन रांगा लागतात. एकीने ओळ गायची, दुसरीने जाप, म्हणजे उत्तराची ओळ, द्यायची. पण गाणी टिपायला आलेल्या रेडिओच्या साहेबांचा टेपरेकॉर्डर बघून धामापूरच्या बायका लाजून मागे सरल्या आणि गोदूबाई एकटीच गायली, प्रत्येक ओळीनंतर जापेपुरती थांबत. शेवटी साहेबांनी विचारलं, "मधूनमधून गप्प का झालात?" "समोरसून जाप येवक होयी मा!" जाप देणारी तिची जाऊ हिरा पावसाळ्यात वारली होती. साहेबांनी फीत मागे फिरवून यंत्र सुरू केलं, तशी गोदूबाई दचकली. "ही तर आमची हिरा!" "बाई, तुमचाच आवाज आहे." गोदूबाई गोंधळली. जन्मभर समोरून ऐकला तो हिराचाच आवाज. स्वतःचा तिने कधी ऐकलाच नव्हता. मग ही कोण? तेवढ्यात यंत्रातली ओळ संपली. यंत्र गप्प झालं. गोदूबाईने हिराची जाप दिली. यंत्राने पुढची ओळ उचलली.