पाठवणीतले ब्लूज

बँडमधला दस्तगीर हल्ली मोबाइलवर अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय वादकाचे ब्लूज, म्हणजे तिकडचे दुःखाचे सूर, ऐकायचा. मिरजेतल्या एका लग्नात, पाठवणीचं गाणं वाजवता वाजवता, क्लॅरिनेटवरची त्याची बोटं नकळत त्या सुरांवर घसरली.

"अरे, लग्न आहे की मयत?" नवऱ्याचा मामा ओरडला.

दस्तगीर गडबडून थांबला. आपण काय वाजवलं, हे त्यालाच सांगता येईना.

सकाळपासून लेकीची नजर चुकवणारे नवरीचे वडील पुढे आले. "थांबू नका. तेच वाजवा."

त्यानं वाजवलं. वडील लेकीला जवळ घेऊन हमसून हमसून रडले आणि रडता रडताच तिचा हात धरून नाचू लागले.

मामाचेही खांदे हलायला लागले. तो नाचतोय की रडतोय, दस्तगीरला ओळखता येईना. लय वाढवावी की उतरवावी, तेही कळेना. तो वाजवत राहिला.