गल्लीतला सर्वांत हलका डबा

दहा वर्षांत गल्लीचा कचरा निम्म्यावर आणायचा आराखडा मास्तरांनी वर्षभर खपून तयार केला होता. दर रविवारी ते स्वतः घरोघरचा डबा काट्याला लावत. सर्वांत हलका डबा त्यांच्याच घरचा. समोरच्या शिवणवाल्या मावशी मात्र एकट्या राहायच्या आणि त्यांचा डबा चार किलो भरायचा. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मास्तरांनी तेव्हाच ताडलं. बाई चोरून खाणावळ चालवत असणार.

या रविवारी त्यांनी चारचौघांसमोर मावशींचा डबा पालथा केला. भाज्यांची देठं, चहाचा चोथा आणि त्यात एक चुरगळलेला कागद. मास्तरांनी तो उलगडला. आराखड्याचा कच्चा मसुदा, त्यांच्याच अक्षरातला, कालच त्यांनी घरच्या डब्यात टाकलेला.

समोर मास्तरांच्या घराच्या खिडकीचा पडदा झटकन ओढला गेला.

"वहिनी मला विचारूनच टाकतात," मावशी हळूच म्हणाल्या. "पहिल्या रविवारी तुमचा दुसरा नंबर आला, तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत म्हणे. ते सगळं अन्न कचऱ्यातच गेलं."