आखूड पट्ट्या

"ही पोरं गणिताला भिऊन जीवशास्त्राकडे आलेली. यांना संगणकावर जनुकं जुळवायला शिकवणार तुम्ही?" असं म्हणत विभागप्रमुख मागच्या बाकावर बसले. आजचा तास फसला, तर हा विषयच बंद होणार होता.

मॅडमनी पहिल्या वर्षाच्या त्या पोरांना संगणकाला हातच लावू दिला नाही. एकाच मजकुराच्या बऱ्याच प्रती काढून त्यांनी प्रत्येक प्रत वेगळ्या जागी कापून दोन-दोन शब्दांच्या पट्ट्या आणल्या होत्या.

"पेशीतला मजकूर असाच तुकड्यांत हाती लागतो. एका पट्टीचा शेवटचा शब्द दुसरीच्या पहिल्या शब्दाशी जुळवा आणि मूळ मजकूर लावा."

थोड्याच वेळात वर्गात जुंपली. एका गटात आजी म्हणाली जेव, आई म्हणाली झोप, ताई म्हणाली ऊठ. दुसऱ्या गटात आजी म्हणाली झोप, ताई म्हणाली जेव, आई म्हणाली ऊठ. पट्ट्या मात्र दोघांच्याही चपखल बसलेल्या.

"घरात कोण काय म्हणालं ते जुळेना, हे जनुकं काय जुळवणार!" विभागप्रमुख उठलेच.

तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, रागावू नका, पण चूक तुमच्या कात्रीची आहे. 'म्हणाली' सारखं सारखं येतंय. त्याच्या अलीकडचं नि पलीकडचं एकाच पट्टीवर हवं. पट्ट्या लांब कापा."

मॅडम विभागप्रमुखांकडे वळल्या.

"सर, एवढं भांडून आपण वरच्या मजल्यावरचं ते जनुकं वाचायचं नवं यंत्र कशाला आणलंत, सांगता हिला?"

विभागप्रमुखांनी घसा खाकरला. "लांब तुकडे वाचायला."

"मग बरोबर आणलंय," म्हणून मुलगी खाली बसली, आणि हसू लपवायला मॅडमनी कोरा फळा पुसायला घेतला.