मागच्या दाराची चकाकी

वडील गेल्यापासून त्यांची काळी गाडी छपराखाली धूळ खात पडली होती. "भंगारात काढू," दादा म्हणाला. गाड्या चमकवणं हा तर माझा धंदा! "दुपारपर्यंत थांब. तिच्यात तोंड बघशील," मी त्याला ठणकावलं.

गाडी धुतली, ओरखडे घासून काढले, पॉलिश चढवलं. मागचं दार आरशासारखं लखलखलं. फडकं फिरवणारी मी त्यात स्वच्छ दिसत होते.

फडकं खांद्यावर टाकून मी हाक मारली, "दादा, ये आता!"

तो हसत आला, दारापाशी वाकला आणि झटकन मागे सरकला.

"अगं, तू घासायची थांबलीस ना?"

मी वळून पाहिलं. दाराच्या चकाकीतली मी अजून जोर लावून घासत होती, आणि तिच्या हाताखालचा काळा रंग आतून पातळ होत चालला होता.